जुन्या पिकअपमधला कंप : दोष चाकांत, इंजिनात की प्रॉपेलर शाफ्टमध्ये?

रोपवाटिका

उरुळी कांचनजवळ आमची छोटी रोपवाटिका आहे. तिच्या कामासाठी वडिलांनी २००९ मध्ये घेतलेली डिझेल पिकअप अजूनही रोज पुण्यात येते. सकाळी रोपे भरून हडपसर, कोथरूड, कधी थेट बाणेरपर्यंत जायचे आणि दुपारी रिकाम्या गाडीने परतायचे, असा तिचा क्रम आहे. गाडी मागच्या चाकांवर चालते, इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, दोन तुकड्यांचा असून मधे त्याला आधार देणारे सेंटर बेअरिंग आहे आणि टायर २१५/७५ आर १५ या मापाचे आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सोळा-सतरा वर्षांच्या गाडीच्या दुखण्याचा ठपका बनवणाऱ्यावर ठेवणे मला योग्य वाटत नाही.

तक्रार अशी, की गेल्या दोन महिन्यांपासून वेग साठच्या पुढे गेला की गाडीत कंप सुरू होतो. स्टीअरिंग शांत असते, पण सीटखालून आणि गिअरच्या दांड्यातून झिणझिण्या येतात. आतल्या आरशात मागच्या गाडीचे दिवे पुसट होऊन एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात आणि डॅशबोर्डच्या खाचेत ठेवलेली टोलची सुटी नाणी सतत किणकिणत राहतात. आश्चर्य म्हणजे रोपे आणि मातीच्या पिशव्या भरलेल्या असताना हा त्रास बराच कमी असतो. परतताना, रिकाम्या गाडीत, तो नकोसा होतो.

दिवाळीच्या सुमारास मागचे दोन्ही टायर नवे घातले, त्याच आठवड्यात क्लचचे काम केले आणि त्यानंतर कंप जाणवू लागला, म्हणून साहजिकच संशय टायरवर गेला. दोनदा व्हील बॅलन्सिंग केले, एकदा अलाइनमेंट केले, शेवटी एक टायर बदलूनही घेतला. फरक शून्य. ज्या गॅरेजमध्ये नेहमी जातो तिथे उत्तर मिळाले, "गाडी म्हातारी झाली, एवढं चालायचंच." हे उत्तर मला पटत नाही, कारण म्हातारपण एका आठवड्यात येत नाही. पुढे कोणत्या क्रमाने शोध घ्यावा, हे जाणकारांनी सांगावे.

डिझेलगाथा

धागाकर्त्यांनी लक्षणे नीट लिहिली आहेत, त्यामुळे निम्मे काम झालेले आहे. स्टीअरिंग शांत आणि सीट थरथरते याचा ढोबळ अर्थ असा, की पुढची चाके, टायरॉड एंड, बॉल जॉइंट ही मंडळी तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही. सुटे भाग विकत घेण्याआधी आता तीन फुकटच्या चाचण्या करा.

पहिली चाचणी उभ्या गाडीची आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे हळूहळू वाढवत न्या. ज्या फेऱ्यांवर रस्त्यावर कंप येतो त्याच फेऱ्यांवर उभ्या गाडीतही तो येत असेल, तर इंजिन, त्याची फाउंडेशनची रबरे, फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट यांच्याकडे पाहावे लागेल. दुसरी चाचणी गिअरची आहे. तोच वेग चौथ्यात धरा आणि मग पाचव्यात धरा. वेग तोच राहून इंजिनाचे फेरे बदलतात, तेव्हा कंप जर जसाच्या तसा राहिला तर त्याचे मूळ गिअरबॉक्सच्या मागे आहे. तिसरी चाचणी म्हणजे वेगात असताना गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये टाकून पाहणे.

या तिसऱ्या चाचणीबाबत कळकळीची विनंती आहे. ती सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावरच करावी आणि इंजिन चालू ठेवूनच करावी, कारण इंजिन बंद केले की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत जाते. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किंवा दिवे घाटात हा प्रयोग स्वप्नातही करू नये. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या गाड्यांनी त्या उतारावर काय केले आहे, हे पुणेकरांना सांगायला नको.

चाकोरी

बॅलन्सिंगच्या यंत्रावर टायर निर्दोष दिसला म्हणून तो गोल आहे असे होत नाही. वजन समतोल असूनही टायर अंडाकृती असू शकतो, किंवा आतला पट्टा एका जागी सुटून फुगवटा येऊ शकतो. पुढची चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहा. दोष चाकात असेल तर कंप सीटवरून स्टीअरिंगमध्ये येईल.

रोपवाटिका

सर्वांचे आभार. रविवारी पहाटे सोलापूर रस्त्यावर, उरुळीच्या पुढे, वाहतूक अगदी तुरळक असताना भावाला सोबत घेऊन चाचण्या केल्या. उभ्या गाडीत काहीही जाणवले नाही. सत्तरच्या वेगाला चौथा आणि पाचवा, दोन्ही गिअरमध्ये कंप सारखाच होता. न्यूट्रलमध्ये टाकल्यावरही तो गेला नाही, थोडासा मवाळ झाला इतकेच. चाकांची अदलाबदल केली. स्टीअरिंग पूर्वीइतकेच शांत आणि सीट पूर्वीइतकीच अशांत राहिली. ब्रेक लावल्याने किंवा न लावल्याने काही बदलत नाही.

भाऊ अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने फोनमध्ये कंप मोजणारे ॲप घेतले आणि फोन दुहेरी चिकटपट्टीने सीटखालच्या पत्र्याला घट्ट बसवला. वेग स्पीडोमीटरवरून न घेता जीपीएसवरून घेतला. आलेखात प्रत्येक वेळी एक ठळक शिखर दिसते, पण त्याने आमचा गोंधळच वाढवला आहे. ताशी ६० किलोमीटरला ते सेकंदाला ३८ कंपांवर होते, ७० ला २८ वर आणि ८० ला सुमारे १८ वर. गाडी वेगात जाते तसा कंप मंदावतो, हे कसे शक्य आहे? फिरणारी कोणतीही वस्तू गाडीच्या वेगाबरोबर जलद व्हायला हवी. हा कंप चेसिसचा किंवा केबिनच्या पत्र्याचा असेल का?

लेथमास्तर

माझे आयुष्य भोसरीत शाफ्ट आणि एक्सल यांच्या कामात गेले आहे. आलेखातले मला फारसे कळत नाही, पण न्यूट्रलमध्येही राहणारा आणि रिकाम्या गाडीत वाढणारा कंप ऐकला की माझा हात आधी प्रॉपेलर शाफ्टकडे जातो.

गाडीखाली जाण्यापूर्वी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही आत शिरू नका. मग प्रत्येक क्रॉस, म्हणजे शाफ्टला कोनात फिरू देणारा चौफुलीसारखा सांधा, दोन हातांनी पिळून पाहा. टोपीच्या कडेला लालसर, गंजासारखी भुकटी दिसली तर आतले ग्रीस संपून सुया, म्हणजे बेअरिंगचे बारीक रोलर, कोरड्या पडल्या आहेत असे समजा. अशा क्रॉसला पुन्हा ग्रीस भरून जीवदान मिळत नाही, तो बदलावाच लागतो. सेंटर बेअरिंग वर उचलून पाहा. रबर थोडे हलणारच, पण ते फाटले असेल किंवा बेअरिंग कंसात एका बाजूला टेकले असेल तर गाडी जागेवरून उचलताना धडधडते. शाफ्टच्या नळीवर समतोलासाठी लहान पत्र्या वेल्ड केलेल्या असतात. एखादी पत्री गळून पडली असेल तर तिच्या जागी चौकोनी उजळ डाग दिसतो. नळी वाकल्याची शंका असल्यास डायल गेज लावून पाहावे लागते. ते काम माझ्यासारख्याकडेच होईल.

पण या सगळ्याआधी मला एक सांगा. क्लचचे काम झाले असे तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात. क्लच काढायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्यासाठी शाफ्ट सोडावाच लागतो. शाफ्ट कोणी सोडला, आणि सोडण्यापूर्वी त्याच्यावर खुणा केल्या होत्या का?

अनुनाद

लेथमास्तरांचा प्रश्न नेमका आहे. आलेखातले कोडे मी उलगडतो, कारण ते त्याच उत्तराकडे जाते असे दिसते.

प्रथम कोणता भाग सेकंदाला किती वेळा फिरतो ते काढू. २१५/७५ आर १५ टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलीमीटर, म्हणजे परीघ साधारण २.२१ मीटर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. म्हणून चाक सेकंदाला सुमारे १० वेळा फिरते. चाकाचा दोष दहाच्या आसपास दिसला असता, आणि असा कंप डोळ्यांना दिसतो, त्याच्या झिणझिण्या येत नाहीत. प्रॉपेलर शाफ्ट याच्या कितीतरी पट जलद फिरतो. तो किती पट, हे मागच्या डिफरन्शियलचे, म्हणजे शाफ्टचे फिरणे चाकांकडे वळवणाऱ्या एक्सलवरच्या गिअरपेटीचे, गुणोत्तर ठरवते. ते धागाकर्त्यांनी सांगितलेले नाही, पण घरच्या घरी मोजता येते. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, बाकीच्या तिन्ही चाकांना गुटके आणि एकच मागचे चाक उचललेले, अशा स्थितीत उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची रेघ ओढून त्याचे फेरे मोजा. मी तूर्त ४.१ धरतो. मग ८० च्या वेगाला शाफ्ट सेकंदाला ४१ फेरे घेतो.

शाफ्ट असमतोल असेल तर फेऱ्याला एक धक्का बसतो, म्हणजे ४१ ला शिखर दिसायला हवे आणि वेगाबरोबर ते वाढायला हवे. तसे ते दिसलेले नाही. क्रॉसची गोष्ट मात्र वेगळी आहे. क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा किंचित जलद आणि दोनदा किंचित मंद होतो. कोन जितका मोठा तितकी ही चढउतार मोठी. दहा अंशांच्या कोनाला ती दीड टक्क्यापर्यंत जाते. म्हणून क्रॉसचा कंप शाफ्टच्या दुप्पट, म्हणजे ८० च्या वेगाला सेकंदाला सुमारे ८२ असतो.

आता फोनकडे वळू. बरेच फोन सेकंदाला १०० च्या आसपास वाचने घेतात आणि आपलाही तसाच असावा. सेकंदाला १०० वाचने घेणारे साधन ५० पर्यंतचेच कंप खरे दाखवते. त्याच्या वरचा कंप ५० च्या रेषेवर घडी घालून खाली दुमडला जातो आणि खोट्या जागी दिसतो. ट्यूबलाइटखाली पंख्याची पाती कधी मंद, कधी चक्क उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. ८२ चा कंप १०० मधून वजा होऊन १८ ला दिसेल. ७० च्या वेगाला खरा कंप ७२, तो २८ ला दिसेल. ६० ला खरा ६२, तो ३८ ला दिसेल. तुमचे तिन्ही आकडे हेच आहेत.

एवढ्यावर विश्वास ठेवू नका, पडताळून पाहा. माझे म्हणणे खरे असेल तर ४० च्या वेगाला शिखर ४१ ला, ४५ ला ४६ च्या जवळ, आणि ५५ ला मात्र परत फिरून ४३ ला दिसले पाहिजे. पन्नासच्या थोडे आधी ते वर जायचे थांबून खाली वळले पाहिजे.

पेठेतला

एवढी त्रैराशिके मांडण्यापेक्षा नाना पेठेतून एक क्रॉस आणून टाकला असता तर आत्तापर्यंत गाडी चालू लागली असती. जुने मिस्त्री नुसत्या कानाने सांगायचे.

लेथमास्तर

सांगायचे, आणि चुकायचेही. मी स्वतः कानावर भरवसा ठेवून चांगले क्रॉस बदलले आहेत आणि गिऱ्हाइकाला त्याचे पैसे लावले आहेत, हे आज कबूल करायला हरकत नाही. शिवाय कोन किंवा जुळणी चुकलेली असेल तर नवा क्रॉसही तितकाच थरथरतो.

रोपवाटिका

उशिरा लिहितो आहे, पण पूर्ण माहिती घेऊन लिहितो आहे.

गुणोत्तर मोजले. चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्टचे चार फेरे पूर्ण होऊन खडूची रेघ आणखी थोडी पुढे गेली, म्हणजे ४.१ धरायला हरकत नाही. नंतर ४०, ४५ आणि ५५ च्या वेगांना पुन्हा नोंदी घेतल्या. कमी वेगात शिखर बारीक होते, पण होते : ४१, ४६ आणि ४३. भावाने तो आलेख घरातल्या प्रत्येकाला दाखवला, आईने तो पाहून फक्त "गाडी कधी नीट होणार?" एवढेच विचारले.

त्यानंतर गाडी दोन स्टँडवर घेऊन खाली गेलो. सेंटर बेअरिंगच्या मागे जिथे शाफ्टचा दातेरी भाग दुसऱ्या तुकड्याच्या बाहीत शिरतो, तिथे रोपवाटिकेतली तांबडी माती आणि जुने ग्रीस यांचा बोटभर जाड थर साचला होता. स्क्रू ड्रायव्हरने तो खरवडला, डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसला, तेव्हा बाहीवर ठोकलेला एक बाण दिसला. त्याच्या समोर, शाफ्टच्या बाजूला, दुसरा बाण असायला हवा होता. तो समोर नव्हता, अंगठ्याच्या रुंदीएवढा बाजूला सरकलेला होता. दात मोजले, ते सोळा होते. म्हणजे एक दात २२.५ अंशांचा, आणि जुळणी बरोबर एका दाताने चुकली होती.

गॅरेजला फोन केला. मालकांनी आधी मान्य केले नाही, पण फोटो पाठवल्यावर सांगितले, की क्लच काढताना शाफ्टचे दोन्ही तुकडे वेगळे झाले होते आणि मातीमुळे खुणा दिसल्या नाहीत, म्हणून अंदाजाने बसवले. पैसे न घेता जुळवून देण्याची तयारी त्यांनी दाखवली. ते काम मी समोर उभे राहून करून घेतले. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या फ्लँजवर पांढऱ्या रंगाची रेघ मारून घेतली, दातेरी भाग बाहेर ओढून एक दात फिरवला, बाण समोरासमोर आणून परत बसवला, तिन्ही क्रॉसना निपलमधून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरले. दीड तासाचे काम होते.

परतताना रिकामी गाडी ८० पर्यंत नेली. नाणी गप्प होती. आरशात मागच्या ट्रकचे दोन दिवे दोनच दिसले. आलेखात १८ चे शिखर पूर्वीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे उरले आहे आणि आता १० च्या जवळ एक लहानसा उंचवटा स्पष्ट दिसतो, जो आधी त्या गोंगाटात लक्षातच येत नव्हता. चाकोरी, तो तुमच्या टायरचा असावा.

डिझेलगाथा

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. जुळणी चुकलेली असली तरी भरलेल्या गाडीत कंप कमी का होता? आणि १८ चे शिखर पूर्ण का गेले नाही? मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये काही बदल केला आहे का?

रोपवाटिका

केला आहे, आणि तो लिहायचे राहून गेले. तीन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला. सासवडकडून मोठी झाडे आणताना दिवे घाटात मागची बाजू फार बसायची, म्हणून.

लेथमास्तर

मग हिशेब जुळला. जादा पाट्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू उचलली जाते, चेसिस वर आणि एक्सल खाली राहतो, त्यामुळे शाफ्टचा उतार वाढतो आणि क्रॉसचा कोन मोठा होतो. माल भरला की चेसिस खाली येते, शाफ्ट सरळ होतो आणि कोन कमी होतो. जुळणी बरोबर असताना क्रॉस एकमेकांची चढउतार बऱ्याच अंशी खाऊन टाकतात, म्हणून तीन वर्षे तुम्हाला काही जाणवले नाही. ती एका दाताने बिघडली तेव्हा वाढलेला कोन उघडा पडला. उरलेले शिखर त्या कोनाचेच असावे.

ते घालवायचे असेल तर पाटा काढावा लागेल, किंवा एक्सलच्या बैठकीत आणि पाट्यांमध्ये उताराची पाचर घालून पिनियनचा, म्हणजे शाफ्ट एक्सलला मिळतो तिथल्या गिअरचा, कोन सुधारावा लागेल. पाचर किती अंशांची, हे रिकाम्या आणि भरलेल्या अशा दोन्ही स्थितींत कोनमापक लावून ठरवावे. डोळ्यांच्या अंदाजाने घालू नये. पाचर घातली तर यू-बोल्ट नवे घ्या, जुने पुन्हा आवळू नका, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते परत एकदा तपासून घ्या.

रोपवाटिका

पाटा तूर्त काढत नाही. पुढच्या महिन्यात आंब्याची मोठी कलमे आणायची आहेत आणि रस्ता दिवे घाटाचाच आहे. कोन मात्र मोजून इथे टाकतो. कोनमापक भावाच्या महाविद्यालयातून मिळेल. नाहीच मिळाला तर भोसरीला येतो.

लेथमास्तर

या. येताना गाडी धुऊन आणा, खालून.